काळी चार ते पांढरी चार

जुलै २०२२ मधला सोमवार. आठवीच्या वर्गात कविता शिकवत होते. समोर ६२ मुलं, वर पत्र्यावर पाऊस. दुसरं कडवं म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा म्हणून पाहिलं. खरखरीत, फाटका असा काहीतरी आवाज निघाला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं न बोलता स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. राहिलेला तास फळ्यावर लिहून काढला.

आठव्या वर्षापासून मी गाणं शिकते आहे. सांगलीत, घरापासून चार गल्ल्यांवर गुरुजींचा वर्ग होता. तालीम ग्वाल्हेर घराण्याची. मोकळा आकार, म्हणजे 'आ'वर गाणं, बंदिशीचे शब्द स्वच्छ, मध्यलयीत तालाचं आवर्तन भरत नेणारी भरणी आणि सरळ चढून सरळ उतरणाऱ्या सपाट ताना. आमचा मुलूखच या गायकीचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती ग्वाल्हेरकडून इकडे आणली आणि मिरज-इचलकरंजीला शिष्य तयार केले. त्यांतल्याच विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे गाणं साध्या घरांतल्या मुलींपर्यंत पोचलं. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देताना, आपण त्याच साखळीतली एक कडी आहोत याचा मला फार अभिमान वाटायचा.

त्या अभिमानाबरोबर आणखी एक गोष्ट आली होती आणि ती इथे कबूल करायला हवी. हेच खरं गाणं, असं मला वाटायचं. लावणी म्हणजे आवाज फेकणं, वारकऱ्यांचं भजन म्हणजे ओरडणं, किराणा घराणं म्हणजे एकेका सुरावर रेंगाळणं. चर्चमधलं गाणं तर मी गाण्यात धरलंच नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण कान त्याच हिशेबानं ऐकत होते.

मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण आत घातली, "ई म्हणा" असं सांगितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तीस वर्षं ज्यांच्या जिवावर गाते आहे ते स्वरतंतू मी पहिल्यांदा पाहिले. दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडझाप करणाऱ्या. दोन्हींच्या कडेला, अगदी समोरासमोर, मोहरीएवढे उंचवटे. पट्ट्या मिटल्या की ते उंचवटे एकमेकांना टेकत आणि त्यांच्या पुढेमागे फट राहून हवा निसटत होती. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो तसंच हे, डॉक्टर म्हणाले. तंतू जिथे सर्वांत जोरानं आपटतात तिथेच होतं. शिक्षकांमध्ये आणि गाणाऱ्यांमध्ये त्यांना हे नेहमी दिसतं आणि मी तर दोन्ही होते. ऑपरेशनचं नाव त्यांनी काढलं नाही. आधी आठवडाभर मौन, मग आवाजाची थेरपी. कुजबुजायचंही नाही, त्यानंही घशावर ताण येतो. आणि खाकरणं बंद. खाकरताना तंतू एकमेकांवर किती जोरात घासतात हे त्यांनी पडद्यावरच दाखवलं.

मौनाच्या आठवड्यात मी ऐकलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पण या वेळी राग, बंदिश, तानेची तयारी हे सोडून एकच गोष्ट धरली, हा आवाज निघतो कसा. आपला गळा बंद असला की दुसऱ्याचा गळा फार जवळून ऐकू येतो.

केसरबाई केरकर लावल्या. रुंद, भरीव, मोकळा आकार, खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा. वर जाताना आवाज बारीक होईल म्हणून वाट पाहावी, तर होतच नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्या आठवड्यात कळलं ते वेगळंच. तान कितीही गुंतागुंतीची असो, त्यांचा श्वास कुठे घेतला ते ऐकू येत नाही. त्यानंतर हिराबाई बडोदेकर. जोर कुठेच नाही. आवाज ओठांपर्यंत येतो आणि तिथून अलगद सुटतो. मग फैयाज खाँसाहेबांची नोम्‌तोम्, बंदिशीआधीची आलापी. छातीतून येणारा भारदस्त आवाज, सुराला धक्का देऊन उठवणारा. या तिघांचे गळे एकमेकांच्या गायकीला उसने दिले तर तिन्ही गायक्या कोसळतील, असं पहाटे पडल्या पडल्या वाटलं आणि झोप उडाली.

पाचव्या दिवशी सुलोचना चव्हाणांची लावणी ऐकली. लहानपणापासून रेडिओवर ऐकत आले होते, पण कधी बसून ऐकली नव्हती. शब्दाचं पहिलं व्यंजन त्या ज्या नेमकेपणानं मारतात, त्यात ठसका आहे. स्वर मागून येतो. व्यंजन ठोसपणे पडलं की मागच्या स्वराला जोर लावावा लागत नाही. मी जिला आवाज फेकणं म्हणत होते ती उच्चारावर उभी असलेली शिस्त निघाली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आणि अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट. ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. तरुणपणी अति गाण्यामुळे त्यांचा आवाज गेला. परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. मग त्या आवाजाला झेपेल अशी वक्र, पेचदार गायकी त्यांनी घडवली आणि पुढे कोल्हापूरला बसून ती शिकवली. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जिला मान देतो तिच्या मुळाशी एक बिघडलेला गळा आहे. गंगूबाई हनगलांचंही तसंच. घशावर उपचार झाल्यानंतर त्यांचा आवाज भारी, पुरुषी झाला आणि तोच पुढे त्यांची ओळख झाला. पाठ केलेल्या या गोष्टी त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळल्या.

थेरपी सांगलीतच सुरू झाली. थेरपिस्ट माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं घड्याळ लावलं आणि एका श्वासात "आ" म्हणायला सांगितलं. सात सेकंद. दमसासाबद्दल परीक्षकांनी शाबासकी दिलेली मी, सात सेकंदांत संपले. तिनं आकडा वहीत लिहिला आणि टेबलावर काचेचा पेला ठेवला. अर्धा पाण्यानं भरलेला, त्यात एक नळी.

नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवायचं. ओठ नळीभोवती मिटायचे, गाल सैल. मग नळीतून "ऊ" म्हणायचं. पाण्यात बुडबुडे येतात. ते एकसारखे यायला हवेत, आणि तेवढंच बघायचं. माझे पहिले बुडबुडे भडाभडा आले, पाणी टेबलावर सांडलं. तिनं फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही ढकलताय. पाणीच तुम्हाला सांगेल." समोरून पाण्याचा थोडा दाब उलटा येतो आणि त्या आधारानं तंतू न आपटता हलकेच जवळ येतात, असं तिनं समजावलं. रोज पाच वेळा, दर वेळी तीन-चार मिनिटं. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात पेला घेऊन बसायचे. आधी बायका हसल्या, महिनाभरात दोघीजणी स्वतःचे पेले घेऊन आल्या. तीस वर्षांच्या रियाजात आवाज किती जोरात, किती वर, किती वेळ हे मोजायला शिकले होते. तो किती ढकलते आहे हे मला पहिल्यांदा त्या पाण्यानं दाखवलं.

गाण्याच्या बाहेरून आलेलं हे ज्ञान म्हणून सुरुवातीला मन थोडं अडखळत होतं. पण शोध घेतला तर ते बाहेरचं नव्हतंच. विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं, पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला आणि आवाज तयार कसा होतो, बिघडतो कसा, यावर आयुष्यभर काम केलं. संगीतज्ञ अशोक रानडे त्यांच्याकडूनच ती विद्या शिकले. कुमार गंधर्वही देवधरांचेच शिष्य. क्षयानं फुफ्फुस निकामी झाल्यावर ते छोट्या, तुटक, झळाळत्या स्वरावलींनी गात राहिले. म्हणजे माझ्याच साखळीत हे सगळं होतं. आमच्या वर्गापर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं.

नोव्हेंबरात "आ" सतरा सेकंदांवर गेला आणि गाठी जवळजवळ विरल्या. थेरपिस्टनं सूर खालून वर नेऊन पाहायला सांगितलं, पेटीवर नाही, नुसता घसरत. कुठे आवाज सैल आहे, कुठे मानेच्या शिरा ताणतात, हे ती बघत होती. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या पट्टीत गाता?"

"काळी चार."

"का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायका पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, म्हणजे काळी चार, काळी पाचमध्येच गातात, एवढंच माहीत होतं. खरं कारण मात्र मला घरी जाताना रिक्षात आठवलं. वर्गात आम्ही चौदा मुली होतो आणि पेटी एक. सगळ्यांना एकाच वेळी पलटे घ्यायचे तर पट्टी एकच हवी. चौदांतल्या बऱ्याच जणींना काळी चार चालायची, म्हणून ती ठरली. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते, मलाही चालली. पुढे आवाज भरला, खाली उतरला, पण सा तिथेच राहिला. काळी चारच्या तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'ला, तंतू सेकंदाला सुमारे ६२० वेळा आपटतात. खालच्या पांढरी चारला तोच पंचम ५२० च्या आसपास येतो. रोजच्या रियाजातला हा शंभराचा फरक मी वीस-बावीस वर्षं गळ्यावर घेत होते, आणि दिवसा त्याच गळ्यानं ६२ मुलांना शिकवत होते. गुरुजींवर राग आला. बरेच दिवस तो गेला नाही.

मग मिरजेला एका बाईंकडे जायला लागले. सत्तरी ओलांडलेल्या, किराण्याची तालीम मिळालेल्या. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे गाणंबजावणं होतं. दर वर्षी मी ते ऐकायला जात असे आणि अर्ध्यातून उठत असे. बाईंनी पहिल्या दिवशी दोन बोटं पेटीवर ठेवून खाली खाली येत माझा सा शोधला. पांढरी चार. "इथं बसतेस तू," म्हणाल्या.

पहिला महिना फक्त सा आणि त्याखालचे सूर. पहाटे खर्ज, तोंड जेमतेम उघडून. मी ग्वाल्हेरच्या सवयीनं सा लावायला गेले की त्या हात वर करायच्या. "लावू नकोस. तंबोऱ्यात सा आहेच. तू नुसती त्यात जा." आणि, "शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय, असं गा." हळू गाणं मला भयंकर अवघड गेलं. जोर काढून घेतला की सूर डगमगायचा. म्हणजे इतकी वर्षं मी जोरानंच सूर धरून ठेवला होता. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी गांधार लागला आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून तोच गांधार परत ऐकू आला. मी थांबले. बाईंनी डोळे उघडले नाहीत, नुसतं "हं" म्हणाल्या. एका सुरावर रेंगाळणं म्हणून ज्याची मी टर उडवायचे, त्यातलं काम त्या दिवशी मला दिसलं.

तरी सगळं मान्य झालं असं नाही. बंदिशीच्या शब्दांशी बाईंची तालीम तितकी लडिवाळ नाही, मुखडा झाला की शब्द मागे पडतात, हे मला आजही खटकतं. मध्यलयीतल्या भरणीची भूक तिथे भागत नाही. हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ते घरी जाऊन गा की. मी कुठं अडवलंय?"

पट्टी उतरली म्हणून तंबोराही बदलावा लागला. जुन्याच तारा ढिल्या करून चालत नाही, त्या लटकतात आणि नाद मरतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे दुकानाच्या माळ्यावर टांगलेले. कारागिरानं थोड्या जाड तारा चढवल्या आणि जवारी काढायला घेतली, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायला. घोडीवर कानस दोनदाच फिरवायचा, तार छेडायचा, कान जवळ न्यायचा, पुन्हा दोनदा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत गेला, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम उघडली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. दीड तास चाललं ते. "एका सुराची जवारी दुसऱ्याला चालत नाही ताई," तो सहज बोलला आणि पुढच्या तारेकडे वळला.

आमच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. माळकरी. एकादशीला गावच्या देवळात भजनाला उभे राहतात. पंच्याहत्तरीत रात्र रात्र वरच्या पट्टीत गाऊन सकाळी त्यांचा आवाज जशाचा तसा, हे मी लग्नापासून बघत होते, पण त्याचं नवल वाटलं ते गळा बिघडल्यावर. त्या वर्षी कार्तिकीला देवळात त्यांच्या मागे बसले आणि मोजायला लागले. रूपाचा अभंग, 'रूप पाहता लोचनी', सुरू झाला. एकानं ओळ म्हटली की बाकीचे ती उचलतात, तेवढा वेळ म्हणणाऱ्याचा गळा मोकळा. एकटा माणूस सलग फार कमी गातो. लांब आकार जवळजवळ नाहीच, सगळा भार शब्दांवर, आणि प्रत्येक शब्द टाळाच्या ठोक्याला टेकलेला. मान ताठ, पण खांदे सैल. पायाची पावली सतत चालू. मी अण्णांना विचारलं, घसा बसत कसा नाही? ते म्हणाले, "नरड्यानं म्हणत्यात त्यांचा बसतो सूनबाई. भजन पायानं म्हणायचं."

नंतर पेटीवर पाहिलं, त्यांचा सा पांढरी चारच्या आसपासच होता. पुरुषांना ती पट्टी फार वरची, मला अगदी घरची. मी त्या रात्री उठून मागच्या रांगेत उभी राहिले आणि टाळ घेतले. पहाटेपर्यंत गायले. दुसऱ्या दिवशी शाळेत आवाज स्वच्छ होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मडगावला बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजारीण चर्चच्या कॉयरमध्ये गातात, त्या मला तालमीला घेऊन गेल्या. गोव्यात चर्चच्या शाळांनी शतकानुशतकं पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवला, घराघरांत व्हायोलिन पोचवलं, हे ऐकून होते. प्रत्यक्षात पहिली वीस मिनिटं कुणी गायलंच नाही. ओठ फुरफुरवणं, जांभई दिल्यासारखा घसा उघडणं, गुणगुणत सूर खालीवर नेणं. थेरपिस्टनं शिकवलेलंच निम्मं होतं ते. मग बायकांचे वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो असे दोन भाग, पुरुषांचे टेनर आणि बास. मला आल्टोत बसवलं. माझ्या बाजूची मुलगी दोनदा म्हणाली, "तुमचो आवाज वयर येता," म्हणजे माझा आवाज इतरांपेक्षा उठून दिसत होता आणि तिथे तो दोष होता. आयुष्यभर आवाज उठून दिसावा म्हणून शिकले, तो आठ जणींत विरघळवायला मला तासभर लागला. जेव्हा जमलं, तेव्हा चार भागांचे चार सूर एकमेकांवर बसले आणि छातीचं हाड गुणगुणलं.

तिथे रचनेचा सूर ठरलेला असतो आणि गळे वाटून घेतात. आपल्याकडे गळा पहिला, सा त्याच्याकडे चालत येतो. केवढी मोकळीक आहे ही. परत येताना गाडीत चोर्ला घाटभर मी याचाच विचार करत होते. आपल्या पूर्वजांनी सा कुठेही ठेवायची मुभा दिली आणि आम्ही चौदा मुलींना एका पट्टीवर बसवलं. राग तसाच होता, पण आता त्याला आकार आला होता. आणि त्या रागाखाली ग्वाल्हेरची ओढही होती.

जूनमध्ये गुरुजींकडे गेले. पाच वर्षांनी. ते थकलेत, वर्ग बंद झालाय, पेटीवर चादर घातलेली. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, पेला, मिरजेच्या बाई, पांढरी चार. काळी चारचंही सांगितलं. आवाज चढू नये म्हणून सावकाश बोलत होते. ते बराच वेळ खाली बघत राहिले. म्हणाले, "एक पेटी होती गं. कुणी विचारलंही नाही, आणि मीही ऐकलं नाही."

मग उठले, कोपऱ्यातला तंबोरा स्वतः उचलून आणला. मी पुढे झाले तर हातानं थांबवलं. मांडीवर आडवा घेतला, एकेक खुंटी हळूहळू मागे फिरवली. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. तारा ढिल्या झाल्या, जवारी बिघडली, तरी ते मणी सरकवत राहिले. पांढरी चारला आले तेव्हा तंबोरा माझ्याकडे दिला.

"यमन घे," म्हणाले. "मध्यलयीतला. शब्द नीट म्हण."